आयाम, आवर्तकाल आणि आपला समुद्र



अकरावीच्या गणितात एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो. ‘आयाम अमुक, आवर्तकाल तमुक, तर कोज्या फलन लिहा.’ मुलं काय करतात? आयाम पुढे लिहितात, ३६० ला आवर्तकालाने भागून आलेला आकडा कॉसच्या कंसात टाकतात, खाली दोन रेघा मारतात. दोनपैकी दोन मार्क. मीही कित्येक वर्षं हे असंच शिकवलं आणि असंच तपासलं. आज लिहितेय ते मात्र या दोन मार्कांविरुद्ध.

कारण सांगते. माझ्या वर्गातला एक मुलगा सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर कालवं काढायला खडकावर गेला होता. हुशार मुलगा, चाचणीत याच प्रश्नाला पैकीच्या पैकी. मोबाइलवर ओहोटीची वेळ बघून गेला होता, म्हणजे बेसावध नव्हता. त्याने हिशोबही केला होता. सहा तासांत पाणी साडेतीन मीटर चढणार, म्हणजे तासाला साधारण साठ सेंटिमीटर. पहिल्या तासात तर पाणी वीतभरच चढलं. हिशोबापेक्षाही कमी! मग पोरं निवांत झाली. आणि नंतर तिसऱ्या तासात पाणी असं आलं, की परतीच्या वाटेवर छातीपर्यंत पाण्यातून एकमेकांचे हात धरून यावं लागलं. सगळे सुखरूप परतले, म्हणून हे मी इथे लिहू शकतेय.

दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, “टीचर, पाणी सारखं चढत नाही.” मी त्याला विचारलं, “मग कसं चढतं?” त्याला माहीत नव्हतं. आठवड्यापूर्वी त्याने ते वहीत लिहिलेलं होतं, सुवाच्य अक्षरात. हे त्याचं अपयश की माझं, ते तुम्हीच ठरवा.

सांडोरहून समुद्र सायकलने जाण्याइतका जवळ. पाचूबंदर, किल्लाबंदरची मुलं आपल्याच शाळा-कॉलेजांत येतात. आणि आपण त्यांना आवर्तन समजावून सांगताना फळ्यावर कुठल्यातरी परक्या पाळण्याचं, म्हणजे जायंट व्हीलचं चित्र काढतो. (तोही बिचारा सणाला, जत्रेलाच येतो.) समुद्र मात्र रोज दोनदा येतो आणि दोनदा जातो.

तर हा प्रश्न समुद्रावरून कसा शिकवावा, ते बघू.

मुंबईच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातला उधाणाचा एक साधारण दिवस घ्या. उधाण म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या आसपासची मोठी भरती, हे इथल्या मुलांना सांगावं लागत नाही. पूर्ण भरती सुमारे ४.४ मीटर, पूर्ण ओहोटी सुमारे ०.८ मीटर. वसईचे आकडे थोडे वेगळे असतात, कारण खंभातच्या आखाताकडे जावं तसा भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो. पण वर्गासाठी मुंबईचे आकडे चालतील. भरती दुपारी १२ वाजता धरू.

आता मुलांना सूत्र देऊ नका. आधी विचारा, या दोन आकड्यांच्या बरोबर मधली पातळी कोणती? ४.४ आणि ०.८ ची बेरीज ५.२, निम्मे २.६. ही मध्यरेषा. मग विचारा, या रेषेपासून पाणी किती वर जातं आणि किती खाली? १.८ वर, १.८ खाली. हा आयाम. इथे निम्मी मुलं ३.६ म्हणणार, दरवर्षी म्हणतात. त्यांना ‘चूक’ म्हणून खोडू नका. म्हणावं, ठीक आहे, ३.६ धरून बघू. २.६ मध्ये ३.६ मिळवले की ६.२ मीटर. मग सांडोरच्या विहिरीत मचवे लागतील! आणि ओहोटीला उणे एक मीटर. मुलं हसतात आणि पुन्हा ती चूक सहसा करत नाहीत. आयाम म्हणजे मध्यापासूनचं अंतर, टोकापासून टोकापर्यंतचं नाही. ही व्याख्या पाठ करून जेवढी टिकत नाही, तेवढी विहिरीतल्या मचव्याने टिकते.

मध्यरेषेबद्दल माझी एक तक्रार आहे. पुस्तकी प्रश्नात ती बहुतेक वेळा शून्यच असते, त्यामुळे मुलांना ती असते हेच कळत नाही. खऱ्या जगात शून्याभोवती हलणाऱ्या गोष्टी थोड्याच. समुद्र, तापमान, दिवसाची लांबी, सगळ्यांचा मध्य कुठेतरी वर असतो. मध्य काढल्याशिवाय आयाम काढायला सांगणं म्हणजे उंबरठा नसलेलं दार मोजणं.

आता आवर्तकाल. इथे मी एक गोष्ट मुलांकडूनच शिकले. कोळीवाड्यातली एक मुलगी म्हणाली, “आमचे आजोबा तिथीला पाऊणने गुणतात.” तुमच्यापैकी अनेकांना हा नियम माहीत असेल, कोकण किनाऱ्यावर तो सगळीकडे चालतो. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला, सकाळीही आणि संध्याकाळीही. चतुर्थीला तीन. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. आमच्या आईच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी शाळेत घोकली होती. आपण ती सोडून दिली, पण होडीवर ती अजून जिवंत आहे.

या नियमात आवर्तकाल लपलेला आहे, तो मुलांना शोधू द्या. दर दिवशी भरती पाऊण तास पुढे सरकते. म्हणजे आजच्या भरतीपासून उद्याच्या त्याच भरतीपर्यंत २४ तास ४५ मिनिटं. एवढ्या वेळात भरत्या दोन. म्हणून एका आवर्तनाला १२ तास साडेबावीस मिनिटं. चंद्राच्या गतीवरून निघणारा सरासरी आकडा १२ तास २५ मिनिटांचा. अडीच मिनिटांचा फरक! कागद नाही, कॅल्क्युलेटर नाही, फक्त तिथी आणि पाऊणकी.

वर्गातल्या एका चौकस मुलाने लगेच विचारलं, की रोज थोडी थोडी चूक साठत जाणार नाही का? साठते. पण प्रतिपदेला मोजणी पुन्हा एकापासून सुरू होते. पौर्णिमेला सव्वाअकरा, दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. एकदम दीड तासाची उडी. पंधरवडाभर मागे पडलेला वेळ नियम तिथे भरून काढतो. चूक कधी पाऊण तासाच्या फार पुढे जाऊच शकत नाही. आजोबांना विचारलं तर ते हे अशा शब्दांत सांगणार नाहीत, पण आखणी अशीच आहे.

मग १२ तास २५ मिनिटं म्हणजे १२.४२ तास. पूर्ण फेरी ३६० अंशांची. ३६० भागिले १२.४२ म्हणजे तासाला २९ अंश, अगदी थोडे कमी. हा आकडा मुलांनी स्वतः बोलून दाखवायला हवा: “समुद्र तासाला २९ अंश फिरतो.” कॉसच्या कंसातला तो गूढ गुणक म्हणजे एवढंच, फिरण्याचा वेग. आवर्तकाल मोठा तर वेग कमी, लहान तर जास्त. कित्येक मुलं कंसात सरळ १२.४२ च लिहून मोकळी होतात, कारण तो गुणक कशाचा हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. समुद्र तासाला १२ अंश फिरला तर भरती परत यायला ३० तास लागतील, एवढं म्हटलं की ते स्वतःच खोडतात.

आता फलन लिहा:

उंची = २.६ + १.८ × कॉस (२९° × वेळ)

वेळ म्हणजे भरतीनंतरचे तास. कॉसच का, साइन का नाही? कारण आपण घड्याळ भरतीला सुरू केलं आणि शून्य अंशाला कॉस सर्वांत मोठा असतो. पाणी मध्यरेषेवर असताना चढत्या वेळी घड्याळ सुरू केलं असतं, तर साइन लिहिलं असतं. समुद्र तोच. हा मुद्दा पाच मिनिटांत संपतो, पण तो न सांगितल्यामुळे मुलांना दोन वेगळी प्रकरणं वाटतात.

आणि आता ओहोटीपासून सुरू करा, म्हणजे त्या खडकावरच्या पोरांबरोबर. ओहोटीला कॉसपुढे उणे चिन्ह येतं. तासागणिक पाणी किती? सुरुवातीला ०.८. एक तासाने १.०३, दोन तासांनी १.६५, तीन तासांनी २.५१, चार तासांनी ३.३९, पाच तासांनी ४.०७, सहा तासांनी ४.३९. वजाबाक्या करा. पहिल्या तासात २३ सेंटिमीटर, दुसऱ्यात ६२, तिसऱ्यात ८६, चौथ्यात ८८, मग ६८, मग ३२. पहिल्या तासाच्या जवळजवळ चौपट पाणी तिसऱ्या तासात! जगभरचे दर्यावर्दी हेच बारा भागांत सांगतात: एक, दोन, तीन, तीन, दोन, एक. आपल्या ३.६ मीटरचा बारावा भाग ३० सेंटिमीटर. ३०, ६०, ९०, ९०, ६०, ३०. आपल्या आकड्यांशी ताडून बघा.

पालकांना माझी विनंती आहे की या सहा आकड्यांची पट्टी घरात लावा. मुलं पोहायला, खेकडे धरायला, नुसती फिरायला किनाऱ्यावर जाणारच. पहिल्या तासाची संथ भरती फसवते, एवढं त्यांना ठाऊक असू द्या.

रेडियनबद्दलही बोलायला हवं, कारण पुढे २ पाय भागिले आवर्तकाल असंच सूत्र येतं. तेव्हा तोच वेग तासाला ०.५०६ रेडियन होतो. माझं मत असं की आधी अंश, मग रेडियन. गेल्या वर्षी एका मुलीने ०.५०६ बरोबर काढलं आणि कॅल्क्युलेटर अंशांवरच ठेवला. तिच्या उत्तरात सहा तासांनीही पाणी ४.४ मीटर. दिवसभर समुद्र भरलेलाच! पूर्वी मी असा पेपर नुसता लाल केला असता. या वेळी मी तिला विचारलं, “ओहोटी कुठे गेली?” तिने तिथल्या तिथे चूक पकडली. उत्तर खोटं आहे हे आतून कळण्यासाठी मुलाला त्या उत्तरातला पदार्थ ओळखीचा असावा लागतो. ‘एक कण दोलन करत आहे’ यातला कण कोणाच्याच ओळखीचा नसतो.

यावर काही सहकारी म्हणतात, “मॅडम, पोर्शन संपवायचाय, एवढा वेळ कुठून आणायचा?” खरं आहे. मलाही दोन तास जास्त लागतात, ते मी सरावाच्या उदाहरणांतून कापते. एकाच साच्याची पंधरा उदाहरणं करण्यापेक्षा दोन पुरेत. मार्क कमी पडले असते तर मी ही टूम कधीच सोडली असती.

दुसरी हरकत जास्त गंभीर आहे आणि ती मला मान्य आहे: खरी भरती एका कॉसने सांगता येत नाही. नाहीच येत. एकाच दिवसाच्या दोन भरत्यासुद्धा आपल्याकडे सारख्या उंचीच्या नसतात. पण मला तर इथेच धडा खरा रंगतो असं वाटतं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरती साधारण ३.३ आणि ओहोटी १.९. मध्य तोच २.६, आयाम फक्त ०.७. आयाम बदलतो कसा? मुलांना दोन कॉस द्या. एक चंद्राचा, तासाला २९ अंश, आयाम १.२५. दुसरा सूर्याचा, बरोबर १२ तासांचा म्हणजे तासाला ३० अंश, आयाम ०.५५. दोघे एकत्र असले की १.८, विरुद्ध असले की ०.७. उधाण आणि भांग, दोन्ही आले. दोघांच्या वेगातला फरक तासाला एक अंश, म्हणजे सूर्याचा कॉस चंद्राच्या कॉसला पुन्हा गाठायला ३६० तास घेणार. ३६० तास म्हणजे १५ दिवस. पंधरवडा! (चंद्राचा वेग अचूक २८.९८ घेतला तर पावणेपंधराच्या आसपास दिवस निघतात.) हे उत्तर फळ्यावर येतं तेव्हा वर्गात जी शांतता होते, तिच्यासाठी मी पुढची दहा वर्षं शिकवू शकेन.

अपोलो बंदरला भरती मोजण्याची नोंद १८७८ पासूनची आहे. १८७९ साली हिंदुस्थानच्या बंदरांची भाकितं करण्यासाठी लंडनमध्ये खास यंत्र बनवून घेतलं गेलं. कप्प्यांवरून जाणारी एक तार, प्रत्येक कप्पी स्वतःच्या आयामाने आणि आवर्तकालाने वरखाली होणारी. असे वीसेक कॉस ते यंत्र बेरीज करून कागदावर काढायचं. आजचे तक्ते संगणक करतो, पण पद्धत तीच. म्हणजे आपण दोन मार्कांना विचारतो ते अख्ख्या तक्त्यातलं एक अक्षर आहे. तरीही होडी काढताना छापील तक्ताच बघायचा, वहीतला कॉस नाही, हे मी मुलांना बजावून सांगते.

आता पावसाळ्याचं. जुलै २०१८ आपण कोणीच विसरलेलो नाही. वसई-विरार पाण्यात, नालासोपाऱ्याला रूळ दिसेनात, गाड्या बंद. तेव्हापासून पावसाळा आला की भरतीचे आकडे फोनवर फिरायला लागतात. ‘आज ४.८ मीटरच्या लाटा उसळणार.’ पालकहो, ही लाट नाही. ही तक्त्याच्या शून्यापासून मोजलेली पाण्याची पातळी आहे, आणि ते शून्य सर्वांत खालच्या ओहोटीच्या जवळपास असतं. ४.८ म्हणजे मध्यरेषेच्या वर २.२ मीटर. वारा असेल तर लाटा त्याच्यावर वेगळ्या. मध्यरेषा शिकलेला मुलगा हे वाचून घाबरणार नाही, पण गाफीलही राहणार नाही, कारण साचलेलं पाणी कधी जाणार हे याच पातळीवर ठरतं.

हाच प्रश्न मी वर्गात दिला. समजा, एका नाल्याचं समुद्राकडचं तोंड २ मीटर पातळीवर आहे. समुद्र त्याच्या खाली असेल तेवढा वेळच पाणी बाहेर जाईल. उधाणाच्या दिवशी किती वेळ? २.६ + १.८ कॉस = २, म्हणजे कॉस उणे एक तृतीयांश, कोन १०९.५ अंश. तिथून २५०.५ अंशांपर्यंत तोंड मोकळं. १४१ भागिले २९, जेमतेम पाच तास. बारा तासांतले पाच. आता भांगाच्या दिवशी? सगळ्यांनी न मोजताच सांगितलं, जास्त वेळ. मीही मनात तेच म्हटलं होतं. मोजलं तर कोन १४९ ते २११, म्हणजे ६२ अंश, फक्त दोन तास आठ मिनिटं! भांगाला समुद्र फार चढत नाही, तसा फार उतरतही नाही. तोंड ३ मीटरवर ठेवून पुन्हा मोजलं तेव्हा उलट झालं: उधाणाला सात तास, भांगाला साडेआठ. मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “टीचर, तोंड मध्यरेषेच्या खाली असेल तर भांग वाईट, वर असेल तर उधाण वाईट.” हे कुठल्या गाइडमध्ये नाही. आपल्या आसपासच्या नाल्यांची तोंडं नेमकी कोणत्या पातळीवर आहेत, हे विचारायला आता माझ्या वर्गाला महानगरपालिकेत जायचंय, आणि त्यांना कसं थांबवावं ते मला कळत नाहीये. थांबवावं असंही वाटत नाही.

एक छोटी गोष्ट राहिली. आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांना अकरावीत हे सगळं एकदम इंग्रजी शब्दांत येतं आणि ती बिचकतात. त्यांना सांगा, ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, आणि कोज्या तिचीच जोडीदार. आर्यभटाने पाचव्या शतकाच्या शेवटी ज्यांचा तक्ता दिला. तोच ‘ज्या’ शब्द ‘जीवा’ होऊन अरबीत गेला, तिथे चुकीचा वाचला जाऊन लॅटिनमध्ये ‘सायनस’ झाला आणि ‘साइन’ म्हणून आपल्याकडे परत आला. परक्या घरी राहून आलेला आपलाच पाहुणा आहे.

येत्या पौर्णिमेला मी वर्गाला पाचूबंदरला घेऊन जातेय. धक्क्यावर उभं राहायचं, पाण्यात कोणी उतरायचं नाही. खुणा केलेला बांबू धक्क्याला बांधायचा आणि दुपारच्या भरतीपासून ओहोटीपर्यंत दर अर्ध्या तासाला नोंद घ्यायची. आपल्या कॉसपेक्षा समुद्र कुठे आणि किती वेगळा वागतो, ते आलेखावर मांडायचं. आजोबा येणार आहेत, ते पाऊणकीने वेळ सांगतील आणि मुलं मोबाइलने ताडून बघतील. पालकांनी संमतीपत्रावर सही करून पाठवावी. मुलांबरोबर पाण्याची बाटली, टोपी आणि जुन्या चपला द्या. संध्याकाळी साडेसहापर्यंत सगळे परत येतील.